कालचं नक्की

सकाळी सहाला बोपोडीच्या पुलाखाली उतरते.
चपला वरच्या पायरीवर, बाटली दोरीला.
बाटलीवर तारीख, वेळ, आणि माझी सही,
जी बत्तीस वर्षं खडकीच्या कॉलेजात
दुसऱ्यांच्या प्रयोगवह्यांवर झिजली.

घरी ओट्यावर पंधरा नळ्या.
ज्या उबेत सुनेचं दही लागायचं
तिथे आता नदी लागते.
चोवीस तास. मग जांभळ्यातल्या पिवळ्या किती झाल्या ते मोजायचं,
तक्त्यात बघायचं,
आणि बसत असेल तर फळ्यावर खडूने:
आज पोहता येईल.

लोक म्हणतात, नदी तुम्ही साफ केलीत.
आम्ही वरची सतरा तोंडं शोधली, एकेक बंद करवली.
अकरा वर्षं, चार आयुक्त,
फायली इतक्या की त्यांचाच बंधारा झाला असता.
जलपर्णी तेवढी हातांनी ओढली,
मुळं केसांसारखी, खाली डास, एक बाहुली,
कुणाचं तरी हेल्मेट.
बाकी तिचं तिने केलं.

मग भांडणं सुरू झाली,
तेव्हा खात्री पटली की जागा लोकांची झाली.
सोसायटीवाले म्हणाले, पास ठेवा.
वस्तीतली नसीमा उठली,
तीस वर्षं वास फुकट घेतला, आता पास कसला?
पास पडला. साबणबंदी मंजूर.
बायकांच्या वेळेवर तीन बैठका,
शेवटी ठरलं, दोरी एकच, वेळ सगळ्यांची,
आणि जो बघत बसेल त्याने कपड्यांसकट उतरायचं.

तळ पडगेमामांनी सांगितला.
आजा भोई, बाप भोई, स्वतः दारूगोळा कारखान्यात फिटर.
बांबू खुपसत चालले:
इथे वाळू, इथे कातळ,
इथे रांजणखळगा, दोन पुरुष खोल.
तिथे लाल पिंप तरंगत ठेवलं.
बांबूबरोबर नावं वर येत होती,
वांब, मरळ, शिवडा, खवली,
मामा थांबले.
पुढचं नाव आठवेना.

उद्घाटनाला माणसं तीनशे, उतरेना कोणी.
पाय लावू नको, खरूज होईल,
हे ऐकतच सगळे वाढलेले.
शेवटी धनावड्यांची म्हैस उतरली,
हार-तुऱ्यांना न जुमानता, थेट पोटापर्यंत.
तिची शेपटी धरून ओव्हाळांचा तथागत,
मग त्याची बहीण, मग अख्खी गल्ली.
टाळ्या वाजत होत्या.
मला मात्र माझ्या पंधरा नळ्या दिसत होत्या,
एकजात पिवळ्या.

एक गोष्ट मी फारशी बोलत नाही.
फळ्यावरचं पाणी कालचं असतं.
ज्याची परीक्षा घेतली ते एव्हाना
संगमावरून, मुंढव्यावरून
कदाचित दौंडच्या वाटेला लागलेलं.
आजच्या पाण्याचं मला काहीच ठाऊक नाही.
जोगळेकरबाई रोज विचारतात, नक्की ना?
म्हणते, कालचं नक्की.
त्या चष्मा माझ्या हातात देतात
आणि जातात.

या मंगळवारी नऊ नळ्या पिवळ्या.
दोनदा मोजल्या. फळा पुसला.
आज नको.

पायऱ्यांवर मुलं, हवा भरलेल्या ट्यूबा,
कोणाच्या डोक्याला तेल चोपडलेलं.
मला वाटलं, आता शिव्या.
तथागतने फळा वाचला, नाक वर केलं,
म्हणाला, आठव्या तोंडाकडून येतंय.
नाही, बाराव्या, नसीमा म्हणाली.
आणि ते निघाले, टॉवेल खांद्यावर तसेच,
नाल्यानाल्याने वर, वास घेत,
मामा मागून बांबू टेकत,
जोगळेकरबाई पोहण्याच्या टोपीतच.

मी वरच्या पायरीवरच्या चपला घातल्या
आणि त्यांच्यामागे गेले,
हातातला खडू तसाच.